लोधीखेड्याच्या स्टेशनावर मासोळीच्या टोपलीलाही जागा पाहिजे



आपल्या गावावरून जाणारी नागपूर-छिंदवाडा लाइन बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातली. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट. ती छोटी गाडी 2015 च्या शेवटी बंद झाली, आणि मोठ्या लाइनवरून नागपूर ते छिंदवाडा गाडी सुरू झाली ती 2021 मध्ये. लाइन मोठी झाली, चांगलं झालं. पण आपल्या टोपलीचं काय?

मुंबईकडे पाहा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, विजेची लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला आली. आज तिथल्या लोकलमध्ये ओझेवाल्यांसाठी वेगळा लगेज डबा असतो. कोळणी त्यात टोपल्या ठेवून बाजार गाठतात. ही कोणाची मेहरबानी नाही, रेल्वेचीच सोय आहे.

मासोळी थांबत नाही. उशीर झाला की भाव पडतो. साध्या डब्यात टोपली नेली तर वासावरून भांडण होते. प्रवाशाचं म्हणणं खोटं नाही, अन् आपल्या बायांचंही नाही. म्हणून डबाच वेगळा पाहिजे.

माझं मत असं : इतवारीला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये अर्धा डबा तरी टोपलीवाल्यांसाठी राखून ठेवावा. येत्या बैठकीत तसा ठराव करू अन् दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळाला देऊ. एकट्याने मागितलं तर कोण ऐकते? सह्या सगळ्यांच्या पाहिजेत, बायांच्या आधी.