सिस्टरनी विचारलेला प्रश्न

परवा कॅंटीनमध्ये एक मित्र म्हणाला, "आयसीयूत देवाधर्माच्या गप्पा कशाला? नर्सनं सलाइन लावावं, बास." एरवी मीही हेच म्हणालो असतो. (इंजिनिअर पडलो, आधी डेटा दाखवा!) पण या वेळी वाद घातला. कारण माझे बाबा.

दोन वर्षांपूर्वी खामगावला बाबांना हार्ट अटॅक आला. अकोल्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, रिपोर्ट चांगले आले. पण बाबा बेडवरून उठायलाच तयार नाहीत. जेवण नाही, झोप नाही. आणि आम्ही घरचे आपले "काही होत नाही, टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणत बसलेलो. तिसऱ्या रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "काका, झोप का नाही येत? मनात काय आहे?"

बाबा म्हणाले, "यंदा महाराजायची वारी चुकली माही. त्याचंच हे फळ हाय."

गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा हजारो लोक तिच्यासोबत पायी चालतात. बाबाही दरवर्षी चालायचे. त्या वर्षी मात्र माझ्या फ्लॅटचा ताबा घ्यायचा म्हणून ते पुण्यात होते. हे ते मला कसं सांगणार?

सिस्टर केरळच्या, ख्रिश्चन. त्यांनी बाबांना अंधश्रद्धाळू ठरवलं नाही, की स्वतःचा देवही पुढे केला नाही. ऐकून घेतलं. सकाळी राउंडला डॉक्टरांना विचारलं, "काका पुढे शेगावला चालू शकतील का?" डॉक्टर म्हणाले, "हळूहळू वाढवत नेलं, तपासण्या नीट आल्या, तर का नाही? सुरुवात आज कॉरिडॉरपासून." आणि बाबा उठले की हो!

आता डेटा. प्रार्थनेनं ब्लॉकेज निघतं असं मी मुळीच म्हणत नाही. हर्बर्ट बेन्सन यांच्या टीमनं अमेरिकेत १८०२ बायपास पेशंटांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी प्रार्थना करून काही फायदा झाला नाही. उलट 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के. प्रार्थना होत असूनही ज्यांना तसं नक्की सांगितलं नव्हतं, त्यांच्यात ५२!

पण मन खचलं की हृदयालाही धोका असतो, हेही खरंच. हार्ट अटॅकनंतरचं डिप्रेशन हा धोक्याचा घटक मानावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ साली सांगितलं. आणि 'आध्यात्मिक क्लेश' हे तर अमेरिकेतल्या नर्सिंग निदानांच्या यादीत १९७८ सालीच आलं.

म्हणजे नर्सनं करायची आध्यात्मिक काळजी म्हणजे प्रवचन नव्हे. विचारायचं, ऐकायचं आणि त्यातून काही निघालं तर योग्य माणसापर्यंत पोचवायचं. नास्तिक पेशंटच्या मनातही काहीतरी खुपत असतंच की.

अडचण एवढीच, की हे काम आज सिस्टरच्या चांगुलपणावर चालतं. एका नर्सकडे रात्री भरमसाट बेड दिले तर ती कधी विचारणार? बीपी-शुगरसारखी या प्रश्नालाही केसपेपरवर जागा हवी, आणि त्यासाठी पुरेशा नर्सेस हव्यात.

बाबांच्या हृदयाचे ठोके मॉनिटर मोजत होता. वारीचं मात्र त्याला माहीत नव्हतं. आणि मलाही.