इंजिन गप्प आहे, पण बंद आहे का?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाताना कापडे लागते. पुढच्या चढणीआधी गाडी थांबवून बॉनेट उघडणे, पाणी आणि बेल्ट पाहणे शहाणपणाचेच. मात्र ‘आवाज नाही म्हणजे इंजिन बंद’ हा समज आता सोडायला हवा.

नेमके काय होते?
ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेली मॅन्युअल गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकून क्लच सोडला की इंजिन थांबते; क्लच दाबला की सुरू होते. यात इंधन वाचते. मारुतीने २०१५ मध्ये सियाझच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये ही सोय दिली; आज ती अनेक गाड्यांत आहे. पण बॅटरी उतरू लागली, एसीचा गारवा घटला किंवा ब्रेकचा व्हॅक्यूम कमी झाला, तर काही गाड्या स्वतःहूनही इंजिन सुरू करतात. त्या क्षणी हात बेल्टजवळ असेल तर बोटे जाऊ शकतात.

बॉनेटचा स्विच पुरेसा नाही
बॉनेट उघडताच ही यंत्रणा थांबावी म्हणून बऱ्याच गाड्यांत स्विच असतो. पण धडकेनंतर तो बिघडू शकतो किंवा कुणी वायर जोडून तो निकामी केलेला असू शकतो. त्याच्या भरवशावर बोटे गहाण टाकू नयेत.

हात घालण्याआधी
• गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला.
• इग्निशन पूर्ण बंद. डॅशबोर्डवरचे दिवे विझलेले.
• चावी काढलेली. बटण-स्टार्ट असेल तर स्मार्ट चावी गाडीपासून लांब.
• चालकाच्या सीटवर कुणी नको.
• इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा फिरू शकतो. हात लांब ठेवा.
• वायरिंग किंवा स्टार्टरचे काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

स्टार्ट-स्टॉप ‘ऑफ’ करण्याचे बटण दाबले म्हणजे इंजिन बंद केले, असे नाही.

जबाबदारी कुणाची?
‘मिस्त्रीला सगळे कळते’ म्हणून मालकाने हात झटकू नयेत. रस्त्यालगतच्या गॅरेजात रोज वेगळे मॉडेल येते. आपल्या गाडीत ही सोय आहे, हे मालकानेच आधी सांगावे आणि चावी मिस्त्रीच्या हाती द्यावी. ज्याचे हात बॉनेटखाली, त्याच्याच ताब्यात चावी, हा नियम प्रत्येक गॅरेजने पाळावा.

दहा मिनिटे एसी बंद राहिला तर कुणाचे बिघडत नाही. मिस्त्रीची बोटे गेली, तर त्याचा रोजगार जातो.