एकोडीच्या वाचनालयात सामूहिक वाचन व मुद्राचित्र प्रदर्शने सुरू करण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत एकोडी, ता. साकोली
मा. कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, भंडारा

महोदय,

एकोडी व परिसरातील वाचक, पालक, शिक्षक आणि कलावंत यांच्या संघातर्फे हे मागणीपत्र सादर आहे.

आमची भूमिका

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावच्या वाचनालयाला शासनमान्यतेचा आणि अनुदानाचा मार्ग खुला केला. पण दाखल नोंदवही, वर्गणीदार आणि वर्तमानपत्रे इतक्यातच काम भागले असे धरले, तर सकाळी पेपर चाळणारे आणि दिवसभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे यांच्यापलीकडे कोणी आत येत नाही. रोवणीला जाणारी बाई, पाचवीतली पोर, दंडारीत उभे आयुष्य घालवलेला म्हातारा यांना उंबरठा ओलांडायला निमित्त लागते. ते निमित्त सामूहिक वाचनातून आणि चित्रांतून मिळेल.

चित्रांमध्ये मुद्राचित्रेच का, याला कारण आहे. लाकूड, लिनो किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर घेतलेला छापा पुस्तकाच्याच कुळातला. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या आमच्या जिल्ह्याला धातूवर चालणारा हात नवा नाही. शिवाय एकाच ठशाचे अनेक छापे निघतात आणि त्यातला प्रत्येक मूळ कलाकृतीच असतो. म्हणून अस्सल चित्र खेड्यापर्यंत आणणे परवडते.

आमच्या मागण्या

१. वर्षातून दोन मुद्राचित्र प्रदर्शने भरवावीत. त्यासाठी नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय व दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र यांच्याकडे वाचनालयाने लेखी विनंती करावी. एक प्रदर्शन दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत असावे. तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी गाव भरलेले असते.

२. प्रत्येक प्रदर्शनासोबत मुलांसाठी लिनो छपाईची कार्यशाळा घ्यावी. लिनोचा तुकडा, कोरणी, रूळ, शाई आणि कागद एवढे सामान पुरते. छापयंत्र नसले तरी कागदावर चमच्याची पाठ घासून ठसा उतरतो. आपले नाव सुलट उमटावे म्हणून ते उलटे कोरावे लागते. ते करताना मूल प्रत्येक अक्षराचे वळण नीट पाहते.

३. आठवड्यातून एक संध्याकाळ सामूहिक वाचनाची असावी. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, मग बोलावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही त्यात बरोबरीची जागा असावी. वेळापत्रक धानाच्या कामांवर बेतावे: रोवणी आणि कापणीच्या दिवसांत कमी, उन्हाळ्यात जास्त.

४. झाडीबोलीचे स्वतंत्र कपाट करावे. त्यात या बोलीतील पुस्तकांबरोबर झाडीपट्टीच्या नाटकांची व खडी गंमतीची जुनी हस्तपत्रके, जाहिराती आणि संहिता जपाव्यात. तीही छपाईचीच ठेव आहे.

५. या कार्यक्रमांसाठी अंदाजपत्रकात वेगळा निधी दाखवावा. ग्रंथखरेदी किंवा ग्रंथपालाचे वेतन यांना कात्री लावून तो उभा करू नये. पुस्तकांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांचा पाठपुरावा करावा. ग्रामपंचायतीने आपला वाटा ग्रामसभेत ठरवावा.

६. संध्याकाळच्या कामाचे ग्रंथपालाला वेगळे मानधन मिळावे. हौसेवर सुरू झालेले उपक्रम माणूस थकला की बंद पडतात.

७. झालेले कार्यक्रम, उपस्थिती आणि खर्च यांचा हिशोब दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावा.

आमची जबाबदारी

वाचनासाठी वाचक, प्रदर्शनाच्या मांडणीला हात आणि मुलांना घरी पोहोचवायला सोबत आम्ही देऊ. चित्रांच्या राखणीची पाळीही आमच्याकडे राहील.

या मागण्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले आणि पुढे आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचीही त्या योजनेसाठी निवड झाली. एकोडीला तूर्त एक खोली, एक भिंत आणि आठवड्याची एक संध्याकाळ पुरे आहे.

तरी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हे मागणीपत्र घ्यावे आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापूर्वी आम्हाला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. पहिले सामूहिक वाचन त्याच दिवशी व्हावे.

आपले,
एकोडी व परिसरातील वाचक संघाचे सभासद