आवाज सुधारला, हिशेब बिघडला

घरी बसून उत्तम संगीत ऐकणे हा एकेकाळी एक छोटासा विधीच होता. वेष्टनातून तबकडी कडांनी धरून बाहेर काढायची, मऊ ब्रशाने तिच्यावरील धूळ टिपायची, टर्नटेबलवर ठेवून सुई अलगद खाचेवर टेकवायची आणि वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू पालटायची. ज्या घरी असा संच असे, त्या घरी रविवारी सकाळी शेजारचे दोघेतिघे हमखास जमत. आज हा सारा खटाटोप संपला आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकताच किराणा, जयपूर, आग्रा ही सारी घराणी सेवेला हजर होतात. या बदलाबद्दल रसिकांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, जुन्या तबकडीचा उबदार स्वर गेला. दुसरा म्हणतो, कुरकुर आणि खरखर गेली. पण हा वाद बराचसा गैरलागू आहे. घरात येणारा ध्वनी निःसंशय सुधारला आहे. बिघडला आहे तो त्यामागचा हिशेब.

सुधारणेची कबुली

प्रथम यंत्राचे श्रेय यंत्राला दिले पाहिजे. १९८२ साली जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असे तिचे मान ठरले. मनुष्याच्या कानाला ऐकू येणारी, सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतची सर्व स्वरमर्यादा तीत सामावते. पुढे इंटरनेटचा जमाना आला आणि वेग कमी असल्यामुळे ध्वनीची काटछाट सुरू झाली. १२८ किलोबिटांची एमपीथ्री फाइल म्हणजे डिस्कवरील माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा. तानपुऱ्याचा झंकार त्यात कोमेजून जाई, ही रसिकांची तक्रार खोटी नव्हती. परंतु तोही काळ मागे पडला. जून २०२१ मध्ये अॅपलने मूळ ध्वनीतील काहीही न गाळलेले मुद्रण जादा आकाराशिवाय देऊ केले. सप्टेंबर २०२५ पासून स्पॉटिफायनेही अनेक देशांतील सशुल्क सदस्यांना ते देण्यास आरंभ केला. बऱ्यापैकी स्पीकर असलेल्या सामान्य नोकरदाराला आज जो स्वर ऐकू येतो, तो पूर्वी धनिकांच्या दिवाणखान्यातही दुर्मीळ होता. गतकाळासाठी उसासे टाकणाऱ्यांनी हे विसरू नये.

तीन मिनिटांची चौकट

आता दुसरी बाजू. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन फ्रेड गायसबर्ग यांनी मेणावर टिपले, तेव्हापासून हिंदुस्थानी संगीताला एका चौकटीत बसावे लागले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. मैफलीत तासभर फुलणारा ख्याल अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांना तेवढ्यात आटोपावा लागे. ही मर्यादा कोणी मुद्दाम घातलेली नव्हती. ती द्रव्याची मर्यादा होती. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी निघाली आणि ही चौकट सैल झाली. अमीर खाँ यांच्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आली, तेव्हा विलंबित म्हणजे काय हे मैफल न लाभलेल्या श्रोत्यालाही कळले. पुढे कॅसेटने निर्मितीचा खर्च इतका उतरवला, की पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकालाही अभिजात गायनाच्या कॅसेटी काढणे परवडू लागले. आज तर मर्यादाच उरलेली नाही. दोन तासांची मैफल एका सलग मुद्रणात ठेवता येते.

मग ख्यालाला सुगीचे दिवस यावयास हवे होते. ते का आले नाहीत? कारण द्रव्याने उठवलेली मर्यादा हिशेबाने परत आणली. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा वर्गणीदारांचे सर्व पैसे एका मोठ्या रांजणात जमा करतात आणि एकूण वादनांच्या संख्येनुसार वाटतात. स्पॉटिफायच्या नियमानुसार ३० सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते. पुढे गायक तीन मिनिटे गातो की साठ, याचा मोबदल्याशी संबंध नाही.

याचा परिणाम साध्या अंकगणिताने पाहता येईल. दोन वर्गणीदार दरमहा १०० रुपये भरतात असे समजा. एकजण महिन्यात चाळीस मिनिटांचे २० ख्याल ऐकतो. दुसरा चार मिनिटांची २०० गाणी. दोघेही बरोबर ८०० मिनिटे ऐकतात आणि सारखेच पैसे भरतात. कंपनीचा वाटा क्षणभर बाजूला ठेवला, तर २०० रुपयांची वाटणी २२० वादनांत होते. ख्यालाच्या वाट्याला सुमारे १८ रुपये येतात, गाण्यांच्या वाट्याला १८२. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याच्या १०० रुपयांपैकी ८२ रुपये त्याने कधीही न ऐकलेल्या गाण्यांना जातात! आपण दिलेला पैसा आपल्या आवडत्या गायकाच्या पदरी पडतो, ही समजूत म्हणजे निव्वळ भ्रम आहे. भरीस भर म्हणून, बारा महिन्यांत १,००० वादनेही न गाठणाऱ्या मुद्रणाला काहीच न देण्याचा नियम त्याच कंपनीने २०२४ पासून लागू केला. तरुण धृपदियाची किंवा गावोगावच्या कीर्तनकाराची गाठ याच नियमाशी पडते.

पूर्वीची पद्धत आदर्श होती, असा याचा अर्थ नव्हे. त्या काळी अनेक कलावंतांची एकरकमी बिदागीवर बोळवण होई आणि मक्तेदार कंपनी नफा मिळवी. परंतु त्या व्यवहारात एक सरळपणा होता. मारव्याची तबकडी घेणाऱ्याचा पैसा मारव्याच्याच खात्यात पडत असे.

मालक आणि भाडेकरू

दुसरा मुद्दा मालकीचा. तबकडी ही टिकाऊ वस्तू होती. ती विकता येई, मुलाबाळांना देता येई. स्ट्रीमिंगचा श्रोता हा भाडेकरू आहे. वर्गणी थांबली की संग्रह संपला; कंपनीने गाशा गुंडाळला तरी तेच. २०२४ साली भारतातील विंक म्युझिक ही सेवा बंद झाली, तेव्हा तिच्या सदस्यांना याचा अनुभव आलाच.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीसाठी केसरबाईंच्या भैरवीची निवड झाली, तेव्हा ती ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीयाच्या दुकानात, खोक्यात पडून राहिलेल्या प्रती सापडल्या. आज ती साडेतीन मिनिटांची भैरवी आंतरतारकीय अवकाशात प्रवास करीत आहे, ती त्या खोक्याच्या पुण्याईने. प्रती हजार हातांत विखुरलेल्या असतात, तेव्हा एखादी तरी वाचते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या हौशी मंडळींनी जे जपले, ते याच नियमाच्या आधारे. सर्व प्रती एकाच कंपनीच्या गोदामात राहिल्या, तर एका व्यापारी निर्णयासरशी वारसा अदृश्य होऊ शकतो. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या पुढे गेले. त्यात हौसेचा आणि फॅशनचा भाग असेल; पण हाती काहीतरी राहावे, ही ओढही त्यात आहेच.

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. पहिला, मोबदला ऐकलेल्या वेळेनुसार ठरावा आणि प्रत्येक वर्गणीदाराचा पैसा त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटला जावा. हे अशक्य आहे असे कंपन्यांनी म्हणू नये. साउंडक्लाउडने २०२१ साली अशा वाटणीचा आरंभ केलाच आहे. आणि पावसाच्या किंवा लाटांच्या आवाजाचे लहान तुकडे करून पैसे उकळणाऱ्यांना आवरण्यासाठी स्पॉटिफायने अशा मुद्रणांना किमान दोन मिनिटांची अट घातली. आवाजाची लांबी नफ्यासाठी मोजता येते, तर ती रागासाठी का मोजता येऊ नये?

दुसरा उपाय शासनाच्या आणि विद्यापीठांच्या हाती आहे. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांवरील हा हक्क आता उरलेला नाही. पारंपरिक बंदिशींच्या त्या तबकड्या उत्तम प्रतीत रूपांतरित करून सार्वजनिक ग्रंथालयांतून मोफत ऐकू देण्यास कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही. जी वस्तू एकाने उपभोगल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि जिची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे, तिच्यासाठी सार्वजनिक कोठार उभारणे हेच अर्थशास्त्राला धरून आहे.

यंत्राने आपले काम चोख बजावले आहे. आता काम आहे ते हिशेबनिसाचे. घरातील स्पीकरमधून उमटणारा षड्ज पूर्वी कधी नव्हता इतका निर्मळ झाला आहे. तो लावणाऱ्या गळ्याला त्याचे मोल मिळाले नाही, तर उद्या हा उत्तम संच ऐकवील तरी काय?