निवाऱ्याच्या दारापाशी थांबलेले धोरण

बेंगळूरुच्या कृष्णराजेंद्र बाजारात रात्रभर भाजी आणि फुले उतरवणारे हमाल दिवस वर आल्यावर उड्डाणपुलाखाली किंवा रिकाम्या हातगाडीवरच झोपलेले दिसतात. या रस्त्याने मी अनेक वर्षे जातो आहे. या माणसांना आपण ‘बेघर’ म्हणतो, ‘कामगार’ म्हणत नाही, हे ध्यानात यायला मलाही बराच काळ लागला. ‘या शहरात कामाला काय तोटा? करायची इच्छा हवी,’ असे सुखवस्तू मंडळी सहज बोलून जातात. वस्तुस्थिती अशी की, रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी बहुतेक जण राबतच असतात. उणीव असते ती अंघोळीच्या जागेची, सामान ठेवायला कुलपाची, बँक खात्यासाठी पत्त्याची आणि आजारपणात मुकादमाशी बोलणाऱ्या कुणाची तरी.

शहरी भागात दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास खुला असा एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावले. 2011 च्या जनगणनेत बेंगळूरुची लोकसंख्या 84 लाख भरली; म्हणजे त्या हिशेबाने तेव्हाच 84 निवारे हवे होते. ‘चोवीस तास’ या शब्दांना अर्थ आहे. रात्री काम करणाऱ्या हमालाला केवळ रात्री उघडणारा निवारा काय कामाचा? 2013 च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निवारा आणि रोजगार दोन्ही होते, पण वेगळ्या घटकांत आणि वेगळ्या उद्दिष्टांसह. एकाचे यश खाटांवरून मोजले गेले, दुसऱ्याचे प्रशिक्षणार्थींच्या संख्येवरून. खाटेवरचा माणूस कामापर्यंत पोहोचला का आणि तिथे टिकला का, हा प्रश्न दोहोंच्या मधल्या फटीत हरवला.

कर्नाटकाने त्याआधी सक्तीचा मार्गही चोखाळून पाहिला. 1975 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्यांना मागडी रस्त्यावरील केंद्रात ठेवले जाते आणि त्यासाठी मालमत्ता करावर तीन टक्के उपकर आकारला जातो. 2010 च्या ऑगस्टमध्ये याच केंद्रात थोड्याच दिवसांत अनेकांचा मृत्यू झाला, तेव्हा डांबून ठेवण्याला पुनर्वसन म्हणता येत नाही, हे साऱ्या राज्याने पाहिले.

दुसरी वाटही याच शहरात आहे. पुणे महापालिकेने नव्वदच्या दशकात कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली होती. बेंगळूरुने 2011 मध्ये तशी ओळखपत्रे दिली आणि पुढे सुक्या कचऱ्याची काही केंद्रे त्यांच्याच हाती सोपवली. नवे कौशल्य शिकवण्याआधी असलेल्या कौशल्याला मान दिला गेला. सगळे कचरावेचक बेघर नसतात, हे खरे; पण ज्याला कुठलाच पत्ता नाही, त्याला कामामुळे ओळख मिळू शकते, हे यातून सिद्ध झाले.

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी अनेक देशांत रुजलेली ‘आधारासह रोजगार’ ही पद्धत हेच सांगते: माणूस आधी ‘लायक’ होण्याची वाट पाहू नका; लवकर खरे काम मिळवून द्या आणि नंतरही साथ सोडू नका. व्यसन, आजार, बुडालेली मजुरी यांमुळे पहिले काम सुटेल, कदाचित दुसरेही. त्या वेळी जो पाठीशी उभा राहतो, तोच खरा कार्यक्रम.

याला पैसा लागतो, हा आक्षेप मी नाकारत नाही. परंतु उपकर आपण भरतोच. कायद्यात दुरुस्ती करून तो पकडण्याऐवजी सोबत करण्यावर खर्च करता येईल. 2025 च्या सप्टेंबरपासून बेंगळूरुचा कारभार पाच महापालिकांत विभागला गेला आहे. प्रत्येकीने आपला प्रत्येक निवारा दिवसाही उघडा ठेवावा, तिथला पत्ता अधिकृत मानावा आणि तिथे रोजगाराची जबाबदारी असलेला एक पगारी कार्यकर्ता नेमावा. या तीन गोष्टींसाठी नव्या अभियानाची गरज नाही. ज्यांनी उतरवलेली भाजी आपल्या ताटात पोहोचते, त्यांच्यासाठी शहराने एवढे करणे ही मेहरबानी नव्हे. ती थकलेली मजुरी आहे.