तारखा आल्या, कारणं राहिली

मोजमाप
उमापूरकर

मागच्या आठवड्यात शेजारचा पोरगा लॅपटॉप घेऊन ओट्यावर आला. एका रस्त्याच्या कामावर पोटठेकेदाराकडं इंजिनिअर आहे. "काका, मोठ्या कंपनीकडून वेळापत्रकाची प्रायमाव्हेरातली फाईल आलती. आमच्याकडं एमएस प्रोजेक्ट. आणली इकडं. बघा, एक ओळ बी नाही गळाली."

खरंच नव्हती गळाली. मातीकाम, पाइप मोऱ्या, जीएसबीचा खालचा थर, डब्ल्यूएमएमचा वरचा खडीचा थर, डांबर, सगळी कामं होती. शेवटची तारीखही तीच. मी म्हटलं, "आता जीएसबीची मुदत पंधरा दिवसांनी वाढव." त्यानं वाढवली. जीएसबीची पट्टी लांबली, पण त्या थरावर पडणाऱ्या डब्ल्यूएमएमची पट्टी जागची हलली नाही. पडद्यावरच्या हिशोबानं वरचा खडीचा थर रोलर मारून तयार झाला होता आणि खालचा थर अजून दोन आठवडे पडायचाच होता.

पोरगा गप्प झाला. त्याची चूक नव्हती. प्रायमाव्हेरात या दोन थरांमध्ये दोन नाती होती. एक, जीएसबी सुरू झाल्यावर तीन दिवसांनी डब्ल्यूएमएम सुरू करायचा. दुसरं, जीएसबी संपल्याशिवाय आणि वर दोन दिवस गेल्याशिवाय डब्ल्यूएमएम संपवायचा नाही. लांबलचक रस्त्यावर काम असंच चालतं, एक टोळी पुढं, दुसरी तिच्या मागं. प्रायमाव्हेरा एकाच जोडीत अशी दोन नाती चालवून घेतो. एमएस प्रोजेक्ट दोन कामांत एकच लिंक ठेवतो. दुसरी वाटेत पडली. वेळापत्रकात ओळी मोजतात सगळे, नाती कोण मोजतो?

तासांचंही तसंच. प्रायमाव्हेरा मुदत तासांत साठवतो. साइटवर दहा तासांची पाळी असेल तर 80 तासांचं काम म्हणजे आठ दिवस. इकडं दिवस आठ तासांचा धरलेला असला की तेच काम दहा दिवसांचं दिसतं. मग बैठकीत एक जण आठ म्हणतो, दुसरा दहा, आणि दोघंही आपापल्या पडद्याकडं बोट दाखवतात.

या कटकटीला कंटाळून बरेच जण तिसरी वाट धरतात, एक्सेलची. तारखांचे रकाने कॉपी करायचे आणि नव्या फाईलमध्ये चिकटवायचे. पाच मिनिटांत काम फत्ते. पण एमएस प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या रकान्यात तारीख हातानं भरली की तो मनाशी अट बांधून घेतो की हे काम या तारखेच्या आधी सुरू होणार नाही. चारशे कामांच्या तारखा चिकटवल्या म्हणजे चारशे खिळे ठोकले. दिसायला वेळापत्रक असतं, असतं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

आपल्या भागाला हे दुखणं नवं नाही. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता तोवर सरकारी कागदावर फसली साल चालायचं. जुना कागद हाती आला की जाणता माणूस सांगतो, फसलीत 590 मिळव, इसवी सन निघतं. पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 590 आणि जानेवारीपासून 591. जहागिऱ्या रद्द करणारा कायदा 1358 फसलीचा. डोळे झाकून 590 मिळवले तर 1948 येतं. प्रत्यक्षात तो आला 15 ऑगस्ट 1949 ला. आकडा बरोबर उतरवला, बेरीज बरोबर केली, तरी उत्तर वर्षभरानं चुकलं. कारण वर्ष कधी सुरू होतं हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं.

पोळ्याचं तरी काय? आपल्याकडं श्रावणी अमावस्येला बैल सजतात. उत्तरेकडच्या पंचांगात तीच अमावस्या भाद्रपदातली. दिवस एकच, पण नाव उतरवून घेणाऱ्यानं महिना कुठं संपतो ते विचारलं नाही तर बैल महिनाभर चुकलेल्या दिवशी उभे राहतील.

साइटच्या वेळापत्रकातही अशा न लिहिलेल्या गोष्टीच जास्त. पावसाळ्यात डांबर बंद, हे कॅलेंडरमध्ये भरलेलं असतं. पण दसऱ्यानंतर ऊसतोड मजुरांचे कोयते साखर कारखान्यांकडं निघाले की गेवराई, शिरूर, पाटोद्यात मजूर मिळणं अवघड होतं, म्हणून हाताचं काम आधी उरकायचं असतं. हे जुन्या प्लॅनरनं मनाशी धरून तारखा टाकलेल्या असतात. फाईल दुसऱ्याकडं गेली की त्याला दिवाळीनंतरचे मोकळे दिवस दिसतात, आणि तो नेमकं दगडी पिचिंग तिथं नेऊन ठेवतो.

कुणी म्हणेल, सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरावं, झंझट मिटलं. नाही मिटत. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 साली मंजूर झाला. बीडला पहिली गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिदिनी. मधल्या काळात प्रायमाव्हेराचा मालकच बदलला, 2008 साली ती कंपनी ओरॅकलनं घेतली. आपल्याकडची कामं सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जगतात. त्यामुळं वेळापत्रक आज ना उद्या एका घरातून दुसऱ्या घरात जाणारच. बिऱ्हाड नीट बांधायला शिकणं एवढंच आपल्या हाती आहे.

त्यासाठी माझं मागणं साधं आहे. निविदेत वेळापत्रकाची पीडीएफ मागून भागवू नका, मूळ फाईल मागा. प्रायमाव्हेराची एक्सईआर फाईल ही साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात टास्कप्रेड नावाच्या तक्त्यात सगळी नाती ओळीनं असतात. त्या ओळी मोजा, नव्या फाईलमधल्या लिंक मोजा. आकडा जुळला नाही तर तिथंच थांबा. फाईलसोबत एक पान मराठीत लिहून घ्या, त्यात पाळी किती तासांची, सुट्ट्या कोणत्या आणि कोणती तारीख कशामुळं धरली एवढं असू द्या. मोजमाप वहीत सही घेताना आपण इंचाइंचाला भांडतो. वेळेच्या वहीत कारण लिहून घ्यायला मात्र कुणाला सवड नसते.

आणि बिल थकलं की हीच फाईल भांडणात पुरावा म्हणून पुढं येते. उशीर कुणामुळं झाला हे नात्यांवरूनच ठरतं. नाती गळालेल्या फाईलवर दोन्ही बाजू खऱ्या ठरतात आणि निकाल कुणाच्याच बाजूनं लागत नाही.

पोरानं त्या रात्री ओट्यावरच दुरुस्ती केली. 'जीएसबी संपला' असा शून्य दिवसांचा टप्पा मध्ये घातला, जीएसबी त्याला जोडला, आणि तिथून डब्ल्यूएमएमच्या शेवटाला दुसरं नातं बांधलं. मग पुन्हा जीएसबीत पंधरा दिवस वाढवले. या वेळी खडीची पट्टी सरकली, तिच्यामागं डांबराची, आणि कामाची शेवटची तारीख तेरा दिवसांनी पुढं गेली.

त्याचं तोंड उतरलं. "काका, तारीख बिघडली की."

म्हटलं, "बाळा, आत्ता कुठं फाईल आली."