जीबीएस : दुआ जरूर करा, पण वेळ दवडू नका

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. गुइलेन बॅरे सिंड्रोम हे या आजाराचं पूर्ण नाव. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा आजार, पण काही आठवड्यांत पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही जण दगावले. कार्ले-मळवलीकडून पाहताना ती दूरच्या शहरातली बातमी वाटणं साहजिक आहे. पण ‘दुर्मीळ’ या शब्दावर विसंबून राहण्यात धोका आहे.

हा आजार नेमका काय आहे? बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होऊन जातो. पुण्यातल्या रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. तो दूषित पाण्यातून आणि अर्धकच्च्या अन्नातून पोटात जातो. या जंतूच्या आवरणातला काही भाग आपल्या नसांसारखाच असतो. त्यामुळे त्याच्याशी लढायला तयार झालेली शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. पायाला मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग अशक्तपणा वर हातांपर्यंत सरकतो. काहींच्या श्वासाचे स्नायूही थकतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नीट शिजवलेल्या चिकनमधूनही होत नाही, त्यामुळे कोंबडीच्या दुकानांवर राग काढण्यात अर्थ नाही.

यावर उपचार आहेत. एक म्हणजे आयव्हीआयजी, शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोबुलिन. दुसरा प्लाझ्मा बदलण्याचा. त्यात रक्तातला हल्लेखोर भाग गाळून काढतात. दोन्ही जवळपास सारखेच गुणकारी आहेत, पण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायदा अधिक. नुसत्या स्टिरॉइडने या आजारात उपयोग होत नाही. वेळेवर इलाज मिळाला तर बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा चालू लागतात.

आपलं घोडं अडतं ते इथेच. पाय लुळे पडले की घरात ‘लकवा’ हा शब्द येतो. मग कुणी मालिशवाल्याकडे नेतं, कुणी आमिलकडे तावीज आणायला जातं, कुणी भगताकडे. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. चार दिवस असेच जातात आणि या आजारात चार दिवस फार मोठे असतात. आपल्या दीनने दुआ शिकवली, तशी दवा करायलाही सांगितलं आहे. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल, हे आपण मुलांना शिकवतो. मग आजारपणात का विसरतो? जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाच मिनिटं यावर बोलावं, असं मला वाटतं. ज्या पाण्याने आपण वुजू करतो, ते पाक असण्याची काळजी घेतो. तेच पाणी पिण्याजोगं आहे का, हा प्रश्नही तितकाच दीनी आहे.

मात्र सगळं ओझं घरच्यांवर टाकून चालणार नाही. आयव्हीआयजीची मात्रा वजनावर ठरते. साठ किलोच्या माणसाला साधारण १२० ग्रॅम लागतं आणि खर्च लाखांत जातो. साथीच्या वेळी सरकारने उपचारांचा भार उचलला. पण साथ ओसरल्यावर मावळातल्या एखाद्या मजुराला हा आजार झाला तर? कार्ल्याहून पिंपरीचं वायसीएम रुग्णालय सुमारे ४० किलोमीटर. म्हणून गावातल्या पहिल्या डॉक्टरने लक्षण ओळखून त्याच दिवशी पुढे पाठवणं आणि १०८ची गाडी वेळेत येणं, यावर सगळं अवलंबून आहे. एकवीरेच्या यात्रेला आणि पावसाळ्यात इथे माणसांचा पूर येतो. ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागायला सर्व जमातींनी मिळून जायला हवं.

आणखी एक गोष्ट. आयव्हीआयजी कारखान्यात आपोआप तयार होत नाही. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून ते काढावं लागतं. ज्याचं स्वतःचं शरीर त्याच्यावर उलटलं, त्याला असंख्य अनोळखी माणसांच्या रक्तातला अंश सावरतो. त्यात कोण कुठल्या धर्माचा, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.